चमकी, टिकली आणि रात्रीचा मास्क

बाई घोरते, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही. पुरुष घोरला की त्याच्या नकला होतात, लग्नकार्यात त्याला वेगळ्या खोलीत पिटाळतात, तोही हसून घेतो. बाईचं घोरणं मात्र घरातल्या घरात दाबलं जातं. त्यामुळे माझा स्लीप अ‍ॅप्निया कळायला उशीरच झाला. पन्नाशी उलटली, पाळी गेली, अंग जरा सुटलं आणि भरदुपारी पाट्यावर वाटण करता करता मान पुढे पडायला लागली. घरात सगळ्यांनी ते खानावळीच्या दगदगीवर ढकललं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण वाढतं, हे पहिल्यांदा ऐकलं ते गोव्यातल्या डॉक्टरांच्या तोंडून.

झोपेत घसा मिटतो, श्वास निदान 10 सेकंद थांबतो किंवा अगदी उथळ होतो, मेंदू दचकून जागं करतो आणि डोळा लागला की पुन्हा तेच. तासाला असं किती वेळा होतं त्यावर आजाराची पायरी ठरते. 5 च्या आत असेल तर ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. माझा आकडा त्यापुढचा. म्हणून उशाशी सीपॅप मशीन आलं. चेहऱ्यावर बांधलेल्या सिलिकॉनच्या मास्कमध्ये नळीतून दाबाखाली हवा येते आणि घसा मिटू देत नाही, एवढंच त्याचं काम. ते काम ते चोख करतं. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही. मला लिहायचंय ते सिलिकॉन संपून गाल सुरू होतो त्या बारीक कडेबद्दल.

कारण माझ्या बघण्यातली जी मशीनं माळ्यावर गेली, ती श्वासामुळे गेली नाहीत, नाकामुळे गेली. नाकाचं हाड सोललं, गालावर पुळ्या आल्या, कानामागे खाज सुटली, मग 'आज राहू दे', मग 'उद्या बघू', आणि एक दिवस मशीन खोक्यात परत. डॉक्टरांकडे जाऊन 'नाक दुखतं' एवढ्यासाठी वेळ घ्यायला लाज वाटते. हृदयाचं, रक्तदाबाचं, साखरेचं बोलून झालं की पुरळाची गोष्ट तिथे क्षुल्लक वाटते. पण मास्क रोज रात्री चेहऱ्यावर चढणार की नाही, हे तीच क्षुल्लक गोष्ट ठरवते.

आता आमचं मालवणजवळचं देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी आणि तिच्यावर माडांच्या सावलीत आमची घरं. इथे कोरडं असं काही नसतं. मीठ डब्यात पाझरतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर जुलैत पांढरी बुरशी चढते, खिडकीचे गज दर दोन-चार वर्षांनी गंजून हातात येतात. अशा हवेत चेहऱ्यावर रात्रभर सिलिकॉन दाबून ठेवायचं म्हणजे आतल्या घामाला जायला वाटच नाही. ओल धरलेली कातडी मऊ पडते, मऊ कातडी लवकर सोलते. मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक मी चष्मा लावून नीट वाचलं. त्यात सगळं बरोबर लिहिलंय, पण ज्या खोलीत त्यातलं माणूस झोपतं ती खोली थंड आणि कोरडी आहे, त्याच्या केसांना तेल नाही, कपाळाला टिकली नाही आणि नाकात चमकी नाही.

चमकीपासूनच सुरुवात करते, कारण त्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. नाकावर बसणाऱ्या मास्कची कड बरोबर नाकपुडीच्या बाहेरून जाते. तिथे चमकी असेल तर सिलिकॉन तिच्यावर टेकतं, एका बाजूला फट राहते, हवा सुटते, आणि रात्रभराच्या दाबानं चमकीखालची जागा लाल होऊन ठणकते. आमच्या वाडीतल्या जुन्या बायका चमकी मेल्याशिवाय काढत नाहीत. सासूबाईंनी मला ती रात्री काढून डबीत ठेवताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या देवाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. मोठ्यानं काही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

टिकलीचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. माझ्या पहिल्या मास्कला कपाळावर टेकणारी एक गादी होती आणि ती नेमकी टिकलीच्या जागी यायची. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी त्यानं मरतात. कितीतरी बायकांच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग दिसतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. म्हणजे दिवसभर गोंदानं चिडलेली कातडी आणि रात्रभर तिच्यावर गादी. तिथे आग होत होती, सालपटं निघत होती, आणि सगळे बोट दाखवत होते मास्ककडे. टिकली बंद करून साधं कुंकू लावायला लागले तेव्हा निम्मं काम झालं.

उरलं तेल. डोक्याला खोबरेल चोपडल्याशिवाय आमच्याकडे बाई झोपत नाही. ते तेल मास्कच्या पट्ट्यांत मुरतं, पट्ट्यांवरून गालावर उतरतं, आणि गालावर पट्टीच्या रेषेत पुळ्या उठतात. शिवाय तेलानं सिलिकॉन हळूहळू खराब होतं, बुळबुळीत होऊन जागचं सरकतं. मास्क सरकला की हवा सुटते, हवा सुटली की माणूस पट्टा आवळतो. तेल आता मी सकाळी लावते, नहायच्या आधी. अंबाडाही रात्री नाही. मागचा पट्टा त्याच्यावर चढून वर सरकतो. सैल वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घ्यायची.

पट्टा आवळणं हे तर सगळ्यांचंच. मास्क देणाऱ्या माणसानंही बसवताना करकचून बसवला होता. खरं तर मास्कच्या कडेला सिलिकॉनचे दोन पदर असतात. आतला जाड, बाहेरचा पातळ. मशीन सुरू झाल्यावर तो पातळ पदर हवेनं भाकरीसारखा फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखलपणावर स्वतःच जाऊन बसतो. पट्टा आवळला की फुगायला जागाच राहत नाही, पदर चेपतो आणि हवा उलट जास्त सुटते. नाकाच्या वरच्या हाडावर मांस म्हणावं असं काही नसतं, कातडीखाली थेट हाडच. सगळा भार तिथे जातो. म्हणून जखम पहिल्यांदा तिथे होते.

बसवायची रीत अशी. उभं राहून आरशासमोर नाही. अंथरुणावर आडवं पडून, ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर, मशीन चालू ठेवून. आडवं पडल्यावर गाल ओघळतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. पट्टे ढिले ठेवून मास्क चेहऱ्यापासून बोटभर वर उचलायचा, पदर फुगू द्यायचा, मग अलगद खाली सोडायचा. हवा सुटत असेल तेवढंच दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. पट्ट्याखालून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. थोडी हवा सुटली तर सुटू द्यावी. मशीन तेवढं सांभाळून घेतं, फक्त ती डोळ्यांत जाता कामा नये, नाहीतर सकाळी डोळे कोरडे आणि लाल.

चेहऱ्यावरच्या खुणा वाचायलाही मी सावकाश शिकले. सकाळी उठल्यावर गालावर मास्कची वळ दिसते आणि चहा होईपर्यंत मावळते, त्याची काळजी नाही. तास-दोन तास झाले तरी लाली जात नाही, हात लावला की दुखतं, तर दाब जास्त आहे. नाकाच्या हाडावरचं साल निघालं तर तो दाबच. सिलिकॉनच्या गादीखाली सगळीकडे बारीक पुरळ किंवा घामोळं असेल तर घाम, तेल आणि न धुतलेला मास्क. गालावर, कानामागे पट्ट्याच्या रेषेत खाज असेल तर संशय पट्ट्यावर घ्यायचा. काही पट्टे निओप्रीनचे असतात, त्यात रबर बनवताना वापरलेल्या रसायनांची काहींना अ‍ॅलर्जी येते, किंवा मग पट्टा ज्या पावडरीनं धुतला ती नीट निघालेली नसते. सिलिकॉनची खरीखुरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. तरी लोक पहिला आरोप सिलिकॉनवरच करतात.

आणि गोल चट्टा, कड उठावदार, मध्ये जरा साफ, खाज प्रचंड, असं असेल तर तो नायटा. त्याला मास्कची दिशा नसते, तो मनाला येईल तिकडे पसरतो. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याला तोटा नाही. मेडिकलच्या दुकानात जाऊन 'खाजेवरचं मलम द्या' म्हटलं की हातात पडते ती बहुतेकदा स्टिरॉइड घातलेली ट्यूब. दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश. नायटा मात्र आत पसरत राहतो, आणि चेहऱ्यावर तेच मलम महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, मलम थांबवलं की आग होते. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ याबद्दल कंठशोष करतायत. ज्या कातडीवर रोज रात्री मास्क टेकवायचाय ती पातळ करून घेणं परवडत नाही.

घरगुती उपायांना तर अंत नाही. कुणी मुठेल आणून दिलं. टाचांच्या भेगांना कोकमाच्या तेलासारखं दुसरं काही नाही हे मी मान्य करते, पण मास्कखाली कुठलंच तेल चालत नाही, मग ते मुठेल असो की पेट्रोलियम जेली. चंदन उगाळून लावलं तर ते वाळून खडबडीत होतं आणि त्याच्यावर सिलिकॉन घासतं. उपयोगी पडलं ते साधंच. रात्रीची शेवटची सुरमई तळून झाली, चूल आवरली की चेहरा सौम्य साबणानं धुवायचा. तळणीचा थर डोळ्यांना दिसत नाही, सिलिकॉनला बरोबर कळतो. चेहरा टिपून कोरडा करायचा. कातडी कोरडी पडली असेल तर तेल नसलेलं, पाण्याच्या बैठकीचं मॉइश्चरायझर, तेही झोपायच्या बरंच आधी, म्हणजे मास्क चढेपर्यंत जिरून जातं. नाकाच्या हाडावर साल निघालं तेव्हा डॉक्टरांनी हायड्रोकोलॉइडची पातळ चिकटपट्टी लावायला सांगितली. जखमेवर ती गादीसारखी बसते आणि तिच्यावर मास्क टेकला तरी चालतो. मालवणात ती दुकानदारानं आधी ऐकलेलीच नव्हती, कोल्हापूरहून मागवून दिली.

मास्कची गादी रोज धुवायची, हे सगळे सांगतात. कशी वाळवायची ते कोकणात ज्यानं त्यानं शोधायचं. उन्हात नाही, उन्हानं सिलिकॉन खराब होतं. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात साबण नीट फेसाळत नाही आणि धड निघतही नाही. म्हणून शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यानं. व्हिनेगर, ब्लीच, जंतुनाशकं यांचा मास्कला स्पर्श नको. जंतू मरतील न मरतील, पण त्याचा अंश रात्रभर कातडीला चिकटून बसतो. गादी पुसून पंख्याखाली ठेवली की तासाभरात वाळते. पट्टे मात्र पावसाळ्यात वाळत नाहीत. पडवीतल्या वलणीवर तीन दिवस लटकतात आणि तरी कुबट वास मारतात. ओलसर पट्टा बांधून झोपणं म्हणजे नायट्याला घरी बोलावणं. पट्ट्यांचा दुसरा जोड घेतला हा मी मशीनवर केलेला सगळ्यात शहाणा खर्च. नवऱ्याला तो अजून पटलेला नाही.

मशीनला हवा दमट करणारी पाण्याची टाकीही असते. नाक, घसा सुकू नये म्हणून ती चांगली. पण जुलैत आमच्या खोलीत हवेलाच पाणी सुटलेलं असताना तिचं काम काय? पाहुण्यांच्या एसी खोलीत मी एकदा झोपले आणि टाकी नेहमीच्या आकड्यावर ठेवली. खोली गार, नळीतली हवा गरम, त्यामुळे नळीत पाणी साचून गुडगुडायला लागलं आणि पहाटे थेट नाकावर थेंब. आता पावसाळ्यात टाकी अगदी कमी किंवा बंद आणि जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात जरा वर. हे आकडे ऋतूप्रमाणे बदलायचे असतात, हे डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. आपणहून सांगितलं नव्हतं.

कातडी आणि मास्क यांच्यामध्ये घालायला कापडी कड्या मिळतात. घाम टिपतात, घासणं कमी होतं. मी त्या घरी शिवल्या, सासूबाईंच्या जुनेरातून. शंभरदा धुतलेलं सुती लुगडं, त्याच्यासारखं मऊ कापड कुठल्या दुकानात मिळणार? बाळंत्यांना तेच लागतं, मग माझ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या गालांना का नको? मास्कची गादी कागदावर ठेवून पेन्सिलीनं आकार काढला, आत नाकाएवढी मोकळी जागा, कडेला दुहेरी शिवण नाही, कारण शिवणीचीच वळ उठते. एक गोष्ट मात्र जपायची. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, उच्छ्वासाची हवा तिथून बाहेर जाते. ती कापडानं कधीही झाकायची नाहीत. कापडामुळे हवा थोडी जास्त सुटते, ते सकाळी मशीनच्या पडद्यावर बघून घ्यायचं. कड्या रोज एक, कपड्यांबरोबर धुवायला.

या सगळ्या खटपटीचा कंटाळा आला की मला सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आठवतात. हा उपाय त्यांनी शोधला आणि 1981 मध्ये जगापुढे मांडला. तेव्हा तयार मास्क कुठून येणार? रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन त्याच्यापुरता मास्क बनवायचे आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकटद्रव्यानं चेहऱ्यावर चक्क चिकटवायचे. सकाळी सोलून काढायचा. त्या पहिल्या माणसांच्या कातडीचं काय झालं असेल? तरी ते रोज चिकटवून घेत होते, कारण वर्षानुवर्षांनी त्यांना झोप लागली होती.

आणि तौक्ते आठवतं. 2021 च्या मे महिन्यात वादळ किनाऱ्याला घासून गेलं, माड आडवे झाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि मालवण तालुका कित्येक दिवस अंधारात बसला. मशीन नुकतंच घरी आलेलं. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री आटला. मास्क डब्यात गेला आणि चारेक दिवसांत माझं नाक लख्ख झालं, पुळ्या बसल्या, कपाळाची आग गेली. शेजारीण पडलेले नारळ गोळा करायला आली होती, म्हणाली, "गे बाय, तोंड कसा उजाळला तुझा!" तिच्यासमोर उभ्या उभ्या माझे डोळे मिटत होते. रात्री नवरा कंदिलाच्या उजेडात माझा श्वास मोजत बसायचा आणि थांबला की हलवून उठवायचा. ज्यांना वाटतं की कातडी सुधारली म्हणजे मशीन सोडलेलं मानवलं, त्यांना मी ते दिवस सांगते. जखम झाली तर दुसऱ्या घडणीचा मास्क मागावा. नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशांचा असतो, नाकाखाली बसणारा असतो. त्यांचा भार वेगळ्या जागी पडतो आणि हाडावरच्या जखमेला विसावा मिळतो. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला ते पुरत नाहीत, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं. दोन घडणींचे मास्क आलटून-पालटून वापरणारेही मी पाहिलेत.

लोक विचारतात, ते तर चालूच असतं. गणपतीला चाकरमानी येतात, घर भरतं, माजघरात ओळीनं अंथरुणं पडतात. पहिल्या वर्षी मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मास्क चढवला होता. आता आल्या आल्या पोरांना मशीन दाखवून मोकळी होते. त्यांना ते वैमानिकाचं वाटतं. मोठ्यांना नाकावरची खूण आधी दिसते. "नाकार काय झाला गो?" हा प्रश्न आरतीच्या मधल्या श्वासातही येतो. चष्म्याची खूण म्हणून पूर्वी खपवायचे, हल्ली खरं सांगते.

गेल्या गणपतीत परळच्या जाऊबाई रात्री माझ्या शेजारी होत्या. त्यांना आडवं पडून मिनिट झालं नाही तोच सुरू झाल्या. मध्येच थांबत होत्या, मग एकदम घुसमटून श्वास घेत होत्या. मशीनमुळे मी आता गाढ झोपते, पण त्या रात्री मास्क लावायच्या आधीच बराच वेळ ऐकत बसले. सकाळी मोदकांची उकड काढताना त्यांना सांगितलं, तपासून घ्या म्हणून. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, सूनही तेच म्हणते. मग बराच वेळ पारी वळण्यात गेला.

"ता लावताना चमकी काढूक व्हयी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माझ्या मास्काक व्हयी."

"मगे माका नको. आवशीन घातलेली हा ती."

नाकाखाली बसणारा मास्क चमकीला लागत नाही, हे मी त्यांना हाताच्या बोटानं त्यांच्याच नाकावर दाखवलं, उकडीचं बोट लागलं म्हणून ओरडा खाल्ला. तपासणीला दिवाळीनंतर जाणार म्हणतायत. जुनेराच्या चार कड्या मी आत्ताच शिवून ठेवल्यात, फक्त त्यांचा मास्क कोणत्या मापाचा येतो ते कळल्याशिवाय आतलं भोक कापता येत नाही.